दहा बाय बाराचं अक्षर

सगळी माणसं समान आहेत असं म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटतात. पण सगळी अक्षरं समान आहेत असं मानणारा, आणि नुसतं मानून गप्प न बसता त्यापायी अकरा वर्षं खर्ची घालणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहतात मालाडला आणि गेल्या वर्षापर्यंत साकीनाक्याच्या एका गल्लीत त्यांचा छोटा गाळा होता. कारखान्यांतल्या यंत्रांवर लावायच्या पाट्या तिथे ते कोरून देत. ‘मुख्य स्विच’, ‘हात घालू नये’, ‘दाब वाढल्यास झडप उघडा’ अशा. चौतीस वर्षांत त्यांनी ‘धोका’ हा शब्द किती वेळा कोरला असेल, याचा मी एकदा अंदाज काढून पाहिला. दिवसाला चार पाट्या आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तरी आकडा चाळीस हजारांच्या पुढे जातो. मी तो त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, “आणि एकदाही ‘ध’ मनासारखा आला नाही.” त्यांच्या अक्षराची सुरुवात बहुधा तिथूनच झाली असावी.

हे अक्षर म्हणजे काय ते आधी नीट सांगतो. नेहमीच्या छपाईत प्रत्येक अक्षर आपापल्या अंगाप्रमाणे जागा घेतं. ‘र’ अंग चोरून उभा राहतो आणि ‘क्ष’ दोघांची जागा अडवून बसतो. साडूंना हा उघड अन्याय वाटतो. त्यांनी तयार केलेल्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला एकाच मापाची चौकट मिळते, एक केसभर कमी नाही की जास्त नाही. या चौकटीला ते ‘खोली’ म्हणतात. खोलीला शिरोरेघेचं छप्पर. छपरावर माळा, तिथे मात्रा आणि अनुस्वार राहतात, आणि उकारांची सोय तळाला. आकार काढायला तीनच गोष्टी वापरायच्या असं त्यांनी पहिल्या दिवशी ठरवलं: उभी रेघ, आडवी रेघ आणि पाव वर्तुळ. तिरकं काही नाही, गाठ नाही, शेपटी नाही. त्यामुळे त्या फाँटमधलं साधं ‘गव्हाचं पीठ’सुद्धा अंतराळयानाच्या दारावर लिहिल्यासारखं दिसतं. मी एकदा म्हटलं, “भावोजी, जुन्या टाइपरायटरवर पण प्रत्येक अक्षराला सारखीच जागा असायची की.” (मी त्यांना बायकोच्या नात्याने भावोजी म्हणतो, ते मला साडू म्हणतात.) ते म्हणाले, “टाइपरायटर जबरदस्तीने करायचा, साडू. मी राजीखुशीने करतोय. आणि हे मागचं नाही, पुढचं आहे. दोन हजार शंभर सालातलं अक्षर आहे हे. आपण जरा लवकर पोचलोय एवढंच.”

एकेका अक्षराने त्यांना काय छळलं ते ऐकण्यासारखं आहे. ‘श्री’ म्हणजे एकत्र कुटुंब, ते एका खोलीत कोंबायला आठ महिने गेले. ‘र’ने तीन वर्षं घेतली. एवढ्या मोठ्या खोलीत तो बिचारा लग्नाच्या हॉलवर सगळ्यांच्या आधी पोचलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा. शेवटी त्याला पाय लांब करून ऐसपैस बसवला तेव्हा कुठे खोली भरली. ज्या दिवशी ‘र’ बसला त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या सगळ्या गाळ्यांना जिलेबी वाटली. लोकांना वाटलं, नातू झाला. ‘ङ’साठी त्यांनी दोन महिने दिले. मी विचारलं, “हा ‘ङ’ वापरतो कोण?” ते म्हणाले, “कोणी नाही. म्हणून काय त्याला बेघर करायचा?”

सारख्या अंतराचं हे वेड कागदावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी होती. साडू बोलतातसुद्धा सारख्या अंतराने. ‘हो’ म्हणायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढाच ‘महानगरपालिका’ म्हणायला लागतो, त्यामुळे त्यांच्याशी फोनवर बोलताना लाइन तुटली की ते विचार करताहेत हे कळत नाही. घरात कपडे वाळत घालायचं काम त्यांच्याकडे आहे. दोन चिमट्यांमध्ये चार बोटं, दोन कपड्यांमध्ये एक वीत. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात, “ह्यांनी घातलेले कपडे बघून समोरची बाई विचारते, आज तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का?” हॉटेलात गेले की आधी खिशातली पोलादी पट्टी निघते. अंधेरीला एकदा आम्ही चौघं न्याहारीला गेलो होतो. भिंतीवरच्या फलकाला पट्टी लावून साडूंनी गल्ल्यावरच्या मालकाला सांगितलं, “तुमचा साबुदाणा वडा डावीकडे झुकलाय.” मालक मान वर न करता म्हणाला, “खाऊन बघा साहेब, सरळ वाटेल.” साडूंनी खाल्ला, आणि चव चांगली असल्याचं मान्य केलं, पण जाताना पुन्हा फलकाकडे बघून मान हलवली ती हलवलीच.

आमचं दोघांचं जमण्याचं कारणही मापच आहे. मी एका औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणी खात्यात आहे. गोळीची जाडी, व्यास, वजन बरोबर आहे की नाही हे बघण्यात माझी चोवीस वर्षं गेली. मिलिमीटरचे दशांश मोजणारा व्हर्निअर माझ्याकडे स्वतःचा आहे. साडूंनी पहिल्यांदा अक्षरं कोरून दाखवली तेव्हा बाकीचे पाहुणे ‘वा वा’ म्हणाले आणि मी व्हर्निअर लावला. सव्वीस तुकड्यांपैकी पंचवीस बरोबर तीस मिलिमीटर रुंदीचे भरले, आणि ‘ठ’ तीस पूर्णांक दोन दशांश. मी तसं सांगितल्यावर ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप खाली ठेवला. साडू मात्र उठले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “अकरा लोकांना दाखवलं, साडू. मोजणारे तुम्ही पहिले.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळेच्या सगळे सव्वीस तुकडे पुन्हा कापले. फक्त ‘ठ’ बदलला असता तर चाललं असतं असं मी म्हणालो, तर म्हणाले, “मग बाकीच्यांना काय वाटेल?”

या अक्षराचा उपयोग काय, हा प्रश्न ताई दर रविवारी विचारतात. साडूंकडे यादी तयार असते. मेट्रोच्या डब्यातली सरकती पाटी, उपग्रहाच्या नियंत्रणकक्षातले पडदे, कधीतरी मराठीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले जातील तेव्हा ओळीखाली ओळ सरळ यायला, आणि रोबोच्या छातीवरची नावपट्टी. “रोबोला मराठी येणार आहे का?” ताई विचारतात. साडू म्हणतात, “न यायला काय झालं? इथे राहायचं तर शिकेल.” मला स्वतःला एक उपयोग मनापासून पटला आहे. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या रोजच्या नोंदी मी एकदा त्यांच्या फाँटमध्ये उतरवल्या. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, तीस ओळींत एकही आकडा रेषेबाहेर नाही. मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. बायकोने विचारलं, “एवढं काय बघताय?” मी म्हटलं, “टाकी.”

बाकी जगाला मात्र ते पटत नव्हतं. कारखानदार सरळ सांगत, “शेठ, झकास आहे, पण ‘धोका’ वाचायला वेळ लागला तर माणूस जाईल ना आमचा.” आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं निमंत्रण साडूंनी हौसेने आपल्या अक्षरात करून दिलं आणि मी ते फोनवरून साठ जणांना पाठवलं. अकरा जणांचं उत्तर आलं, ‘फाइल नीट उघडत नाहीये, परत पाठवा.’ घाटकोपरहून बायकोच्या मावशीचा फोन आला, “जावईबापू, वीज तोडायची नोटीस तुमची, मग ती माझ्याकडे का आली?” उरलेल्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, त्यावरून काही कळत नाही. मी हे सगळं साडूंना सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला आणि मग आकड्यांसह सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “लोक थांबतात ना, साडू, तिथेच मी नापास होतो. कोणी थांबून म्हणालं ‘काय सुंदर अक्षर आहे’, तरी नापासच. पाटी वाचून माणूस पुढे गेला पाहिजे. मध्ये अक्षर होतं हे त्याला कळताच कामा नये. असा एक, फक्त एक माणूस बघायचाय मला. मग बास.” त्यानंतर मी त्यांच्यासोबत असताना पाहत आलो. कोणी त्यांचं अक्षर हातात घेतलं की साडू त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत राहतात. आणि माणूस थांबला की हळूच पट्टी खिशात ठेवतात.

गेल्या वर्षी त्यांच्या गाळ्याच्या मालकाने ती सगळी रांगच विकायला काढली. दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची होती. ताईंनी बजावलं की कोरायचं यंत्र घरी आणायचं नाही, भंगारात द्यायचं. म्हणजे साडूंचं अक्षर कुठे लागायचं असेल तर ते दिवाळीच्या आत लागायला हवं होतं, नाहीतर ते संगणकातल्या एका फाइलमध्ये पडून राहणार होतं. आणि अकरा वर्षांत ते जगात एकाही भिंतीवर लागलेलं नव्हतं.

नेमकी त्याच वेळी आमच्या मुलुंडच्या नव्या इमारतीला नावांच्या फलकाची गरज पडली. जुनी तीन मजली इमारत पाडून अकरा मजले झाले, मजल्याला चार घरं, एकूण चव्वेचाळीस. खाली प्रवेशद्वाराशी सगळ्या रहिवाशांच्या नावांचा मोठा फलक लावायचा होता. मी कमिटीवर आहे. मी साडूंचं नाव सुचवलं आणि त्यांना नमुना करायला सांगितला. त्यांची कल्पना चांगली होती. प्रत्येक अक्षर वेगळ्या तुकड्यावर, तुकडे ॲल्युमिनियमच्या खोबणीत सरकवायचे, म्हणजे घर विकलं गेलं की सगळा फलक न बदलता नाव बदलता येईल. सगळे तुकडे एकाच मापाचे असल्यामुळे कुठलंही अक्षर कुठेही बसतं. ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या फाँटला जमणार नाही. त्यांना अंदाज यावा म्हणून मी चव्वेचाळीस नावांची यादी पाठवली, प्रत्येक नावापुढे त्याला लागणाऱ्या तुकड्यांची संख्या लिहिली, नाव आणि आडनाव यांच्यामधली जागा धरली, आणि शेवटी बेरीज केली: चारशे बारा.

सभेला आम्ही सात जण होतो. साडूंनी नमुन्यादाखल ‘स्वागत’ असा शब्द पाठवला होता. तो टेबलावर ठेवल्याबरोबर आमचे अध्यक्ष, जे बँकेतून निवृत्त झालेले आहेत, चष्मा काढून म्हणाले, “हे काय रे, लोक घरी यायचेत की चंद्रावर?” सेक्रेटरी बाई म्हणाल्या, “मला आवडलंय. आपली इमारत नवीन आहे ना, मग अक्षर नवीन नको?” दुसरा प्रस्ताव पितळी इंग्रजी अक्षरांचा होता. वाद वाढला तसा मी उभा राहिलो आणि सांगितलं की काम करणारे माझे नातेवाईक आहेत, सबब मी मत देणार नाही आणि चर्चेलाही थांबणार नाही. मी बाहेर लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या लाद्या मोजल्या, शहाण्णव आहेत. आत बोलावलं तेव्हा कळलं की मतं तीन विरुद्ध तीन पडली आणि अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत पितळेला दिलं.

घरी आल्यावर बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे तुमचं एक मत पडलं असतं तर भावोजींचं काम झालं असतं.”

“हो. चार विरुद्ध तीन.”

“मग तुम्ही बाहेर का गेलात?”

“नियम आहे तसा.”

“नियम तुमच्या एकट्यासाठी आहे का? अध्यक्षांच्या मेव्हण्याने गच्चीच्या पत्र्यांचं काम घेतलं तेव्हा ते कुठे होते?”

“आत बसून चहा पीत होते,” मी खरं तेच सांगितलं.

“आणि तुम्ही बाहेर जाऊन लाद्या मोजत होता.”

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी साडूंच्या फाँटमध्ये बोलली. शब्द कमी आणि प्रत्येकामध्ये सारखं अंतर. माझं म्हणणं आजही हेच आहे की मी नियमाने वागलो. पण नियमाने वागूनसुद्धा जेवण गोड लागत नव्हतं, हेही तितकंच खरं.

शनिवारी मी स्वतः साकीनाक्याला गेलो. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. गाळा अर्धा रिकामा झाला होता. साडूंनी मला स्टुलावर बसवलं, माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, “जांवदे मरांदे.” एरवी ते मालवणीत बोलत नाहीत. फार लागलं की गावची भाषा बाहेर येते. मग ते उठले आणि कोपऱ्यातलं एक लाकडी खोकं ओढून आणलं. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, खोबणीच्या ॲल्युमिनियम पट्ट्या ओळीने उभ्या होत्या. मी एक उघडली. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं नाव. दुसरी उघडली, सातवा मजला. मी मोजायला सुरुवात केली, पण मनातून मला आकडा आधीच माहीत होता. चव्वेचाळीस.

“भावोजी,” मी म्हटलं, “हे सगळं करून ठेवलंत? अहो, ती यादी नुसती अंदाजासाठी होती!”

ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. “अंदाजासाठी? तुकड्यांची संख्या लिहिलेली, खाली बेरीज केलेली, बेरीज दोनदा तपासली अशी टीप पण होती. एवढं मोजून कोणी अंदाजासाठी पाठवतं का, साडू? मला वाटलं, काम पक्कं झालं.”

दुसऱ्या कोणाच्या यादीवर त्यांनी विश्वास ठेवला नसता. माझ्या काटेकोरपणामुळे त्यांचे दोन महिने गेले आणि माझ्याच काटेकोरपणामुळे त्यांचं एक मत गेलं. काहीतरी करायचं म्हणून मी व्हर्निअर काढला आणि तुकडे तपासायला लागलो. माप एकूण एक बरोबर होतं, तीस रुंद, छत्तीस उंच. पण संख्या जुळेना. चारशे बाराऐवजी चारशे छप्पन भरले. चव्वेचाळीस जास्त. नीट पाहिलं तर प्रत्येक पट्टीच्या शेवटी एक तुकडा जादा होता. त्यावर अक्षर नव्हतं. वर शिरोरेघेचं छप्पर होतं आणि खाली काहीच नाही.

“हे काय?”

“ते असू दे,” ते म्हणाले.

“पण चूक आहे ही. चव्वेचाळीस चुका आहेत.”

“चूक नाही. असू दे म्हटलं ना.” आणि ते यंत्रावरचं फडकं घडी करत बसले. मी व्हर्निअर मिटला. खोकं मात्र टॅक्सीत घालून मुलुंडला आणलं. तोडायला तर ते तयार नव्हते, आणि मालाडला ताई होत्या.

आल्या आल्या मी माझ्या नावाची पट्टी काढली आणि आमच्या दारावर चार स्क्रूंनी लावली. त्याला कमिटीची परवानगी लागत नाही. उपविधी वाचून खात्री केली आणि मगच ड्रिल लावलं. आठवडा काही घडलं नाही. मग समोरच्या परबबाईंनी बेल वाजवली. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या दारावरचं नाव मला लिफ्टमधून वाचता येतं हो. बाकी दारांवर नुसती गर्दी दिसते. मला माझ्या नावाची अशी पाटी करून मिळेल का?”

“करून मिळणार नाही,” मी म्हटलं, “झालेली आहे.” आणि आतून आणून दिली. सुनंदा परब, आठ तुकडे, शेवटचा धरून. त्या पट्टीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मी आधीपासून तयार होतो असं त्यांना वाटलं, आणि त्या अर्थाने ते चूकही नव्हतं.

त्यानंतर मी कोणाला विचारायला गेलो नाही, हे नमूद करून ठेवतो. लोकच आले. चौथ्या मजल्यावरचे तिघं एकदम आले. नवव्या मजल्यावरच्या तरुण जोडप्यातली मुलगी म्हणाली, “काका, कसलं भारी आहे यार हे, आमचं पण आहे का?” तिचं नाव घरमालकांच्या यादीत नव्हतं, नवऱ्याचं होतं, म्हणून मी साडूंना फोन केला. त्यांनी गाळा सोडायच्या आदल्या दिवशी तिचे चार तुकडे कापून पाठवले आणि मी ते नवऱ्याच्या नावाआधी सरकवले. हेच काम पितळेत करायचं तर नवा फलक लागला असता. एक दिवस अध्यक्षांच्या पत्नी आल्या. “ह्यांना सांगू नका, मी नंतर सांगेन,” म्हणून पट्टी पदराखाली घेऊन गेल्या. पुढच्या सभेला अध्यक्ष माझ्याशेजारी बसले आणि समोर बघत म्हणाले, “वाचता येतं हो.” मी त्यांचं हे म्हणणं इतिवृत्तात घ्यावं का असं विचारलं. ते नको म्हणाले. दिवाळीला खोक्यात तेरा पट्ट्या उरल्या होत्या, म्हणजे एकतीस दारांवर साडूंचं अक्षर लागलं होतं. हे सगळं मी त्यांना फोनवर मजल्यांनुसार सांगत होतो. ते ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, “लोक थांबतात का?” मी खरं सांगायचो, “थांबतात. चांगलं आहे म्हणतात.” पलीकडून, “बरं.”

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी ते आणि ताई जेवायला आले. यंत्राचं काय झालं ते कळलं. ताईंनीच शेवटी बाल्कनीतल्या कुंड्या एका बाजूला घेऊन त्याला जागा करून दिली होती. “माझ्या मोगऱ्याला म्हटलं, तूच सरक बाबा, हा माणूस काही सरकायचा नाही,” त्या म्हणाल्या. जेवण होईपर्यंत साडूंना धीर नव्हता. त्यांना सगळी दारं बघायची होती. आम्ही लिफ्टने अकराव्या मजल्यावर गेलो आणि जिन्याने एकेक मजला उतरत आलो. प्रत्येक दारासमोर ते उभे राहायचे, मोजायची पोलादी पट्टी खिशातून काढायचे आणि न लावता परत ठेवायचे.

सहाव्या मजल्यावर आम्ही जिन्यात असताना लिफ्ट उघडली. हातात तीन पाकिटं घेतलेला कुरिअरवाला बाहेर आला. कानाला लावलेल्या यंत्रावर तो कोणाशी तरी जेवणाच्या डब्यावरून भांडत होता. त्याने एकदा चारही दारांवरून नजर फिरवली, बोलता बोलताच डावीकडच्या दुसऱ्या दाराशी गेला, बेल वाजवली, पाकीट दिलं, सही घेतली आणि “अगं, पण भेंडी कोणी सांगितली होती तुला?” असं म्हणत लिफ्टमध्ये शिरला. दार बंद झालं.

साडू कठडा धरून उभे होते. “पाहिलंत?” ते म्हणाले.

“पाहिलं.”

“थांबला नाही.”

“नाही.”

“त्याला कळलंसुद्धा नाही, साडू. भेंडीवर बोलत होता.” आणि पायरीवर बसून त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, मग डोळे, मग पुन्हा चष्मा. मी शेजारी बसलो. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही, म्हणून मी बरेच दिवस मनात असलेलं विचारून टाकलं. तीस आणि छत्तीसच का? चाळीस, पन्नास, कुठलंही सोपं माप चाललं असतं.

“तिनाने भागा,” ते म्हणाले.

दहा आणि बारा. मला हे आधीच कळायला हवं होतं. त्यांचे वडील गिरणीत होते आणि साडू लहानाचे मोठे झाले ते चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, नऊ माणसांत. ते म्हणाले, “लोकांना वाटतं तिथे गर्दी होती. गर्दी नव्हती हो. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. मोठा भाऊ माळ्यावर, बाबा खिडकीशी, मी कपाटाच्या बाजूला. कोणाचा पाय कोणाला लागायचा नाही. लहान-मोठा कोणी असो, सगळ्यांना सारखीच जागा. तसं पुढे कुठे बघितलं नाही, म्हणून म्हटलं, पुढे कधीतरी असेल.”

“आणि तो शेवटचा तुकडा? नुसत्या छपराचा?”

त्यांनी समोरच्या दाराकडे बोट केलं. नावाच्या शेवटी शिरोरेघ एक खोली पुढे गेली होती आणि तिच्याखाली कोणी नव्हतं.

“दाराजवळची एक सतरंजी आई कोणाला देत नसे,” साडू म्हणाले. “गावाहून कोणी आलं तर?”

आम्ही उरलेले मजले उतरलो. खालून ताईंचा आणि हिचा आवाज येत होता, जेवण गार होतंय म्हणून. माझ्या दारासमोर आलो तेव्हा साडू थांबले, आणि मीही थांबलो. त्या पट्टीवरचे तुकडे मी कित्येकदा मोजले आहेत. प्रत्येक वेळी शेवटचा एक सोडून द्यायचो, कारण त्याला जादा म्हणूनच नोंदलं होतं. आता तोही धरतो.